सह्याद्रीच्या पायथ्याशी वसंत आला, हे बागेत आणि रानात कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुळशीच्या बाजूला गावात जागा घेतली आहे, भोवती रान आहे. पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, पण इथे माघातच निम्मं रान उघडंबोडकं झालंय आणि त्यातच कुठे कुठे फुलंही दिसताहेत. मग वसंत कधीपासून धरायचा? शिवाय फणसाची बारकी फळं काळी पडून गळताहेत, त्याची काळजी वेगळी.

आधी फणसाचं, कारण ते सोपं आहे. गळताहेत ती बहुतेक फळं नाहीतच, नरफुलोरे आहेत. फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन्ही फुलोरे येतात. नराचा देठ बारीक असतो, अंगावर पिवळसर पराग दिसतो. काम झालं की त्याच्यावर काळी बुरशी चढते आणि तो गळतो. मादीचा देठ जाड असतो आणि देठाला लागून हिरवी कडी असते. तीच पुढे कुयरी, म्हणजे कोवळा फणस होते. खाली पडलेले चार उचलून देठ बघा. बारीक देठाचे असतील तर काहीही फवारू नका. जाड देठाच्या कुयरीवर तपकिरी मऊ डाग पडून ती सडत असेल तर मात्र ती बुरशीची कूज. तशा कुयऱ्या काढून बागेबाहेर पुरा, झाडाखाली ठेवू नका.

आता वसंताचं. आपल्याकडे वसंताची पहिली खूण फूल नाही, पानगळ आहे. थंड देशांत बर्फ वितळला की झाडं जागी होतात. इथे मार्चमध्ये पाऊस पडून चार-पाच महिने झालेले असतात, वरची माती कोरडी ठणठणीत, आणि नेमकी तेव्हाच झाडं पालवतात. पानं गळली की त्यांतून उडून जाणारं पाणी थांबतं, मुळं खोलवरून ओढतात ते पाणी खोडाफांद्यांत साठतं आणि त्या जोरावर कळ्या फुटतात. म्हणून रान ओकंबोकं दिसलं की ते मेलंय असं समजू नका. नखाने डहाळीची साल किंचित खरवडा, खाली हिरवं ओलं दिसेल.

फुलांत पांगारा आणि काटेसावर पुढे असतात, साधारण जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. पळस थोडा मागून, शिमग्याच्या सुमाराला भरात येतो. तिघेही लाल-केशरी आणि पानांशिवाय फुलणारे, त्यामुळे लांबून गोंधळ होतो. सावरीचं फूल मांसल, हाताच्या पंज्याएवढं, पाच पाकळ्यांचं आणि मधे पुंकेसरांचा झुबका. ते झाडावरून पडतं तेव्हा थप्प असा आवाज येतो. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला तुऱ्याने येतात, एक पाकळी बाकीच्यांपेक्षा बरीच लांब. या दोघांनाही काटे असतात, पळसाला नसतात. पळसाचं फूल हातात घ्या: पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी आणि देठाकडे काळपट मखमली टोपी. झाड लांबून केशरी दिसण्याआधी काळंकाळं दिसतं ते या टोप्यांमुळे, कळ्या उमलायच्या असतात तेव्हा. रस्त्याच्या कडेला फिकट गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात ती गिरिपुष्पाची. लावलेलं परदेशी झाड आहे, त्यावरून रानाचा अंदाज बांधू नका.

आणखी एक फसवणूक कोशिंबाची (कुसुंबही म्हणतात). मार्चमध्ये डोंगरउतारावर एखादं झाड लालभडक पेटल्यासारखं दिसतं. जवळ गेलात तर ती फुलं नसून कोवळी पानं निघतात. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरेसं तयार होण्याआधी लाल रंगद्रव्य भरतं. महिन्याभरात तेच झाड हिरवंगार. पिंपळाची तांबूस पालवीही याच दिवसांतली. करंज पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत कोवळ्या चकचकीत पानांनी भरतो. माझ्या मते कोणत्याही फुलापेक्षा ही पालवीच वसंताची पक्की खूण आहे, कारण अवकाळीने फुलं झडली तरी पालवी येतेच. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलोरा खातात, तेव्हा झाडाचं आणि पंचांगाचं खरोखर जुळलेलं असतं.

पक्ष्यांत तांबट आधी ऐका. फेब्रुवारीपासून उन्हात टुक्-टुक् असा एकसुरी ठोका चालू होतो. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी असेल तर तोडू नका, तांबट अशाच मऊ लाकडात भोक पाडून घरटं करतो. रानाकडून ‘कुटरू कुटरू’ येतं तो त्याचा मोठा भाऊबंद, कुटुर्गा. ‘कुहू’ करणारा काळा कोकीळ नर असतो, ठिपक्यांची तपकिरी ती मादी. सावर-पांगाऱ्यावर गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे दिसले तर बघून घ्या, एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे परततात.

बागेत या दिवसांत सगळ्यात जास्त चुका आंब्यावर होतात. मोहोराला हलकी टिचकी मारा. पाचरीसारखे बारीक तपकिरी किडे तिरके उडाले तर तुडतुडे आहेत. खालची पानं चिकट आणि चकचकीत झाली असतील तर ते बरेच आहेत, आणि पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी धरते. मोहोरावर पांढरी पूड दिसली तर भुरी. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर मोहोर करपतो. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन बहुतांशी माश्या आणि छोटे कीटक करतात, तेच मेले तर फळ कशाने धरणार? वाटाण्याएवढी फळं झाल्यावर मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर पाणी, दर 15 दिवसांनी, तीन-चार वेळा. खोडापाशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली आळं करून द्या. मोहोरावर असताना पाणी दिलंत तर पालवी फुटायचा धोका असतो. थोडी कैरी गळणारच, झाड एवढी फळं पोसू शकत नाही.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीत, जमिनीपासून साधारण 45 सेंमी ठेवून. छाटल्यावर शेणखत आणि पाणी सुरू करा. मार्चमध्ये नुसती पानं वाढली आणि कळी नाही, तर झाडावर सावली आहे किंवा नत्र जास्त झालंय.

पाचोळा जाळू नका. फळझाडांच्या आळ्यात 8-10 सेंमी जाड पसरा, खोडापासून वीतभर मोकळं सोडून, नाहीतर वाळवी खोडावर चढते. मात्र कुंपणालगत पाचोळा आणि गवत ठेवूच नका. फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा, तीही गवत पूर्ण वाळण्याआधी.

नोंद ठेवायची असेल तर पाच-सहा झाडं ठरवा आणि दर आठवड्याला तीच बघा. जुनी पानं, पालवी, कळी, फूल, फळ यांपैकी काय नाही, काय थोडं, काय भरपूर, एवढं लिहिलं तरी पुरे. एक तृतीयांशापेक्षा कमी म्हणजे थोडं. सीझनवॉच या उपक्रमात देशभरचे लोक साधारण अशाच नोंदी करतात, तुमच्याही तिथे देता येतील.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, हेही गावात कुणीतरी सांगेल. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि पाऊस जूनमध्ये येतो, म्हणून हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण एकाच रस्त्यावरचे दोन बहावे पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने फुललेले दिसतात. त्यातला कुठला धरून भाताचं बी भिजत घालणार?