वर्षश्राद्ध झाल्यानंतरही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

आईला जाऊन दीड वर्ष झालं, वर्षश्राद्धही झालं, तरी तिची आठवण आली की रडू फुटतं, म्हणजे माझ्या डोक्यात काही बिघडलंय का, असं तू विचारलंस. रडण्यावरून मी काहीच ठरवणार नाही. आई गेलेली माणसं वीस वर्षांनीही पुरणपोळी लाटताना रडतात. तिच्या साड्या कपाटात तशाच असणं, तिच्या नंबरावर रिचार्ज मारत राहणं, तिचे व्हॉइस मेसेज ऐकणं, यातलं काहीही आजार नाही. मावशी काहीही म्हणो, ते कपाट आवरायची घाई करू नकोस.

काळजी वाटली ती तू ओघात लिहून गेलेल्या गोष्टींची. ते रुग्णालय वाटेत लागतं म्हणून परळला उतरणं सोडून तू करी रोडला उतरतेस आणि उलटी चालत ऑफिसला येतेस. संध्याकाळी आईचा फोन यायचा त्या वेळेला तू कुणाचाच फोन घेत नाहीस. कुलूप उघडताना ती आत असेल असं अजून वाटतं, आणि नसते तेव्हा पहिल्या दिवशीसारखंच कोसळायला होतं. पहिल्या वर्षी मामाकडे गणपतीला गेली नाहीस, ते आपल्या रीतीला धरूनच होतं. पण यंदाही गेली नाहीस, मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाहीस, आणि लिहितेस की आईशिवाय मी कोण आहे तेच कळत नाही. हे एकेकटं असतं तर मी सोडून दिलं असतं. सगळं एकत्र आहे, जवळजवळ रोज आहे, आणि दीड वर्षात उतरण्याऐवजी वाढतंय.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझी नोकरी झाली. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. दहावा, बारावा, तेरावा, मग मासिक श्राद्धं, अशी माणसं येत राहतात, घर हलतं राहतं. वर्षश्राद्ध झालं की येणारे थांबतात, आणि खरी पोकळी तिथून सुरू होते. तेव्हाच घरचे म्हणायला लागतात, "आता सावर." सगळ्यात कठीण जायचं ते ज्यांना निरोप घेता आला नाही त्यांना. कोविडमध्ये कितीतरी जणांना आपल्या माणसाचं तोंडही बघायला मिळालं नाही. तुझी आई तू ऑफिसात असताना अचानक गेली, तेही असंच अर्धवट राहिलंय.

डॉक्टरांनी या अवस्थेला आता स्वतंत्र आजार मानलंय, त्याला दीर्घकालीन शोक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी किमान सहा महिन्यांची मुदत धरते, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची त्याच वर्षीची यादी मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. दोन्ही याद्या समाजाच्या रीतीरिवाजापेक्षा शोक जास्त लांबलाय का, हेही बघायला सांगतात. आपल्या घरांसाठी मला बारा महिनेच योग्य वाटतात. वर्षाच्या आत कुणाच्या दुःखाला नाव देऊ नये. अर्थात जेवण-झोप तुटली किंवा जीव नकोसा झाला, तर पहिल्या महिन्यातही डॉक्टरांकडे जायचं. हे नैराश्यापेक्षा वेगळं असतं. नैराश्यात सगळंच बेचव होतं, आपण कुचकामी वाटायला लागतो. शोकात जीव एकाच माणसाकडे ओढ घेत राहतो. दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि ते ओळखण्याचं काम तुझं नाही, माझंही नाही.

पिंडाला कावळा लवकर शिवला नाही, म्हणजे आपण फोन उचलला नाही म्हणून आई रागावली असेल, असं तू लिहिलंस. श्रद्धेवर मी वाद घालणार नाही. पण तुझी आई मला माहीत होती. तू मीटिंगमध्ये असशील म्हणून ती फोन करताना दहा वेळा विचार करायची. हा अपराध तू दीड वर्ष एकटी उगाळत बसलीयस आणि मी कितीही समजावलं तरी तो जाणार नाही. त्यासाठी या कामाचं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक.

त्यांच्याकडे गेलं की ते आईला विसरायला लावतील, ही तुझी मुख्य भीती. होतं त्याच्या उलट. या शोकासाठी कोलंबिया विद्यापीठाच्या कॅथरीन शिअर यांनी बसवलेली साधारण सोळा बैठकींची पद्धत आहे. त्यात त्या दिवशी काय घडलं ते मोठ्याने, सविस्तर सांगायचं असतं. आई समोर आहे असं धरून तिच्याशी बोलायचं असतं. टाळलेल्या जागी हळूहळू जायचं असतं. तुझ्याबाबतीत म्हणजे परळ स्टेशन. आईबद्दल इतकं बोलायला तुला या दीड वर्षात कुणी दिलंय का? मुंबईत सगळ्यांनाच ही पद्धत येते असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचार, "शोकावर काम केलंय का?" उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे जा. गोळ्यांचं म्हणशील तर त्यांनी नैराश्य उतरतं, पण ही ओढ एकट्या गोळ्यांनी फारशी कमी होत नाही. गोळ्या डॉक्टरच लिहून देऊ शकतात, समुपदेशक नाही.

आई गेली त्या रुग्णालयात जायची गरज नाही. नायर आणि सायन, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. खासगीत दर बैठकीचे पैसे खूप होतात, पालिकेच्या या रुग्णालयांत जवळजवळ काहीच नाही. गर्दी असते आणि पहिल्या भेटीत डॉक्टर फार वेळ देऊ शकणार नाहीत, म्हणून सांगायचं ते कागदावर लिहून ने. वर मी मोजल्या त्याच गोष्टी लिही. ऑफिसात कळेल ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुला दिलाय.

आता एक विचारते, खरं उत्तर दे. "आईकडे जावंसं वाटतं" असं तू लिहिलंस, त्याचा अर्थ मरावंसं वाटतं असा आहे का? कसं, कधी, असे विचार येतात का? येत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लाव, आणि लगेच मला लाव, रात्री तीन वाजले असले तरी. एकटी राहू नकोस, मी येईपर्यंत शेजारच्या वहिनींना घरात बोलावून घे. जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आपण लगेच जाऊ शकतो.

तसं नसेल, तर सोमवारी सुट्टी टाक. सकाळी आठला मुंबई सेंट्रलला भेटू, तिथून नायर चालत आहे. केस पेपरच्या रांगेत मी उभी राहते. डॉक्टरांच्या खोलीत मात्र तू एकटी जा, आणि आत काय बोललीस ते मला सांगितलंच पाहिजे असं नाही. येतेस की नाही, ते आज रात्रीपर्यंत कळव.

तुझी,
काकू