लॉरा आरएसचं थ्रॉटल: जाम झालंय की ईसीयूनं सोडून दिलंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरकडच्या शेडमध्ये स्कोडाची लॉरा आरएस जूनपासून गणपतीपर्यंत उभी होती. बाहेर काढली तर ईपीसीचा (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमधला बिघाड सांगणारा) दिवा लागला, आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) चढं राहतंय आणि पेडल दाबलं तरी गाडी उठत नाही. निपाणीचे मेस्त्री म्हणतात थ्रॉटल बॉडीच (इंजिनात हवा सोडणारी झडप) बदला, मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० मारून स्क्रू ड्रायव्हरनं ढकल. दोघांनाही जरा थांबवा.

या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नाही. पेडलमधले दोन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, निरोप देतात, ईसीयू थ्रॉटलमधली छोटी मोटर फिरवतो, आणि बटरफ्लायची, म्हणजे हवा अडवणारी, चकती खरंच कुठवर उघडली हे थ्रॉटलमधले दोन सेन्सर परत कळवतात. मोटरचं किंवा या सेन्सरांचं गणित जमेना की ईसीयू मोटरचा करंट काढून घेतो. तेव्हा स्प्रिंग चकतीला पूर्ण मिटू देत नाही, किंचित उघडी धरते. गाडी निदान कडेला घेता यावी, त्यासाठी केलेली सोय आहे ती. त्यामुळे चढं आयडल आणि मेलेलं पेडल ऐकून मला तरी लगेच ‘जाम’ म्हणवत नाही. ईसीयूनं चकती सोडून दिलेली दिसते. का सोडली, ते शोधायचं.

आधी बॅटरी. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवेलही, पण व्होल्टेज पडलं की थ्रॉटलचे नसते एरर येतात. चार्जर लावून पूर्ण भरा, मगच पुढचं बघा. दुसरं म्हणजे उंदीर. तुमच्या भागात शेडमध्ये भाताचं पिंजार असतंच, आणि त्यात बिऱ्हाड केलेला उंदीर बॉनेटखाली शिरल्याशिवाय राहत नाही. थ्रॉटलच्या सॉकेटला सहा वायरी येतात: दोन मोटरच्या, एक पाच व्होल्टची, एक अर्थ आणि दोन सिग्नलच्या. त्यातली एक अर्धी कुरतडली तरी हाच सगळा तमाशा होतो. सॉकेट काढून पिनांवर हिरवट थर आलाय का बघा. जांबोटी-चोर्ल्याकडच्या दमट हवेत तो हमखास येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, वाळू द्या.

मग स्कॅनर. कोड ‘आहे’ एवढंच सांगणाऱ्या मेस्त्रीला नंबर विचारा. पी २१११ म्हणजे थ्रॉटल उघडं अडकलं, पी २११२ म्हणजे बंद अडकलं, पी ०६३८ म्हणजे सांगितलं तेवढं ते हललं नाही. हे तीन आले तर चकतीकडे वळा. पी २१३५ आला तर थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांत जुळत नाही, आणि पी २१३८ आला तर भांडण पेडलच्या सेन्सरांत आहे. तेव्हा थ्रॉटल घासत बसून काय उपयोग? व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांचं स्कॅन सॉफ्टवेअर) असेल तर इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून ग्रुप ०६२ हा आकड्यांचा संच उघडा. पहिले दोन आकडे थ्रॉटलचे, पुढचे दोन पेडलचे. पेडल सावकाश दाबताना थ्रॉटलचा एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो, बेरीज शंभराच्या आसपास राहते. मध्येच उडी मारली तर सेन्सरचा ट्रॅक किंवा वायर गेली. पेडलचे आकडे नीट चढतात पण थ्रॉटलचे जागचे हलत नाहीत, असं असेल तर मोटरला करंट मिळत नाही किंवा चकती खरोखर अडकली.

याचा निकाल हातानं लागतो. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, थ्रॉटलचं सॉकेट काढा. हे लई महत्त्वाचं: इग्निशन ऑन असताना बोट आत घालायचं नाही, मोटर चकती फटकन मिटवते आणि बोट सोलून निघतं. इंटरकूलरकडून (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) येणारा होज सोडवा आणि चकती बोटानं हळू ढकला. उघडताना स्प्रिंगचा एकसारखा जोर लागला पाहिजे, सोडल्यावर ती आपल्या जागी परत आली पाहिजे. मिटण्याच्या बाजूलाही थोडा जोर लागतो, तो दोष समजू नका. फक्त मिटण्याच्या टोकाला चिकटत असेल तर कडेला तेलकट कार्बन जमलाय. हे साफ होतं. सगळ्याच प्रवासात खरखर किंवा जडपणा असेल तर शाफ्टची बेअरिंग किंवा आतले प्लॅस्टिकचे गिअर गेलेत. आणि ढकलली तिथेच राहत असेल तर स्प्रिंगचं काम संपलंय, ती बॉडी गाडीवर परत चढवू नका.

साफ करायची तर बॉडी उतरवून करा. थ्रॉटल बॉडी क्लीनर घ्या, कार्ब क्लीनर नको. काही बॉडींना आतून लेप असतो, तो त्यानं उडतो. फवारा थेट शाफ्टवर मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा आणि मोटरची बाजू वर राहील अशी बॉडी धरा, म्हणजे द्रव आत उतरत नाही. कडा मऊ टूथब्रशनं घासा. डब्ल्यूडी-४० चा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर नवी धूळ बसते. एमरी पेपर तर हातातच घेऊ नका. आपल्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काय वाटेल ते घासून देणारे कारागीर आहेत, बोअरही (चकती फिरते ती नळी) चकचकीत करून देतील, पण चकती आणि बोअरमधली फट वाढली की आयडल पुन्हा ताळ्यावर येणं अवघड.

ॲल्युमिनियमवर पांढरा बुरा येऊन शाफ्टच धरला असेल तर केबलच्या जुन्या थ्रॉटलला पेनिट्रेटिंग ऑइल आणि रात्रभर धीर पुरतो. इथे तेच तेल गिअर आणि सेन्सरपर्यंत जातं. अशी बॉडी बदलावी हे माझं मत, आणि एवढ्या एका बाबतीत तुमचे मेस्त्री बरोबर ठरतील. बेळगावच्या ऑटोनगरात किंवा कोल्हापुरात जुनी मिळाली तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा.

बसवताना नवं सील घाला आणि होजची क्लिप नीट बसवा, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा, गळेल आणि पुन्हा थ्रॉटललाच शिव्या बसतील. त्यानंतर ग्रुप ०६० मधून ॲडाप्टेशन करा, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची टोकं नव्यानं शिकवा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, पेडलवर पाय नाही. हे राहिलं तर ईसीयू मळक्या थ्रॉटलचाच जुना हिशोब धरून चालतो आणि आयडल चढं राहतं. पुष्कळ जण इथेच ‘साफ करून बिघडलं’ म्हणतात.

चकती तेलानं माखलेली निघाली तर तेल आलं कुठून ते बघा. या १.८ टीएसआय इंजिनात पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनातली तेलकट वाफ परत आत सोडणारा) पडदा फाटणं हे जुनं दुखणं. इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये ओशटपणा चालेल. तेल साचलेलं असेल तर पीसीव्ही आणि टर्बो दोन्ही तपासा.

कोड पी २१११ असेल तर दुरुस्तीआधी चोर्ला घाटात जाऊ नका. चालत्या गाडीत थ्रॉटल उघडं अडकलं तर क्लच दाबून न्यूट्रल करा आणि ब्रेक एकदाच, जोरात धरून ठेवा. ब्रेकला पंप मारू नका. या इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम कॅमशाफ्टवर चालणाऱ्या पंपातून मिळतो, इंजिन बंद पडलं तर दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगड होतं. इंजिन गाडी थांबल्यावरच बंद करा.

कोडचे नंबर आणि ०६२ चे चारही आकडे इथे टाका, पेडल सोडून एकदा आणि पूर्ण दाबून एकदा. सॉकेटच्या पिनांचा फोटोही टाका की. तोवर नव्या बॉडीची ऑर्डर देऊ नका.