लेजंडवर क्लिक केलं की नेमकं काय व्हायला हवं?

या वेळी डॅशबोर्डबद्दल बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले चार तर सरळ लेजंडवरचेच आहेत, म्हणजे चार्टच्या बाजूला रंग आणि नावं दाखवणारी ती छोटी यादी. म्हणून आज सगळी जागा तिलाच देतोय.

प्रश्न : मी पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं टूल) सेल्सचा डॅशबोर्ड केलाय. लाइन चार्टमध्ये पाच प्रॉडक्ट कॅटेगरी आहेत. साहेब लेजंडमधल्या एका नावावर क्लिक करतात आणि म्हणतात की ही लाइन जायला पाहिजे होती, तर उलट तीच ठळक राहते आणि बाकीच्या फिक्या होतात, वर एकूण विक्रीचा आकडाही बदलतो. माझं काही चुकलंय का?

तुमचं काहीच चुकलेलं नाही. लेजंडवरच्या क्लिकचे चार वेगवेगळे अर्थ होऊ शकतात : ती सिरीज (म्हणजे त्या नावाची लाइन किंवा बार) लपव, फक्त तीच दाखव, ती ठळक कर, किंवा सगळं पान तिच्यापुरतं फिल्टर कर. प्रत्येक टूलने यातला आपापला अर्थ धरलाय आणि वापरणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. प्लॉटलीमध्ये एक क्लिक केलं की सिरीज लपते, डबल क्लिक केलं की तेवढीच उरते. ग्राफानात बरोबर उलटं, तिथे एका क्लिकला तीच एकटी उरते आणि कंट्रोल किंवा कमांड दाबून क्लिक केलं तर एकेक चालू-बंद करता येते. तुमचे साहेब आधी लपवणारं टूल वापरत असतील तर त्यांची सवय तशीच असणार ना.

पॉवर बीआयमध्ये लेजंड म्हणजे सिलेक्शन. ज्या चार्टवर क्लिक केलं तिथे बाकीच्या सिरीज फिक्या होतात आणि पानावरच्या इतर व्हिज्युअल्सना ते सिलेक्शन जाऊन लागतं. खरी गडबड इथे आहे, नीट बघा. बार चार्टला अर्धवट ठळक होता येतं, म्हणजे फिका बार एकूण आणि आतला गडद भाग निवडलेल्याचा, पण कार्डला (नुसता एक आकडा दाखवणारा चौकोन) तसं काही करता येत नाही, ते सरळ फिल्टर होतं. म्हणजे एकाच क्लिकनंतर चार्टवर पाचही लाइन दिसतायत (चार फिक्या का होईना) आणि वर 'एकूण विक्री' नावाच्या कार्डात फक्त एका कॅटेगरीचा आकडा आलाय. बघणारा गोंधळणारच, आणि त्याहून वाईट म्हणजे गोंधळणार नाही, तो आकडा एकूण समजून खाली लिहून घेईल.

उपाय दोन आहेत. पहिला, चार्ट सिलेक्ट करून फॉरमॅट टॅबमधलं एडिट इंटरॅक्शन्स (एका चार्टवरच्या क्लिकचा दुसऱ्यावर काय परिणाम व्हावा ते ठरवायची सोय) चालू करा आणि त्या कार्डावर 'नन' निवडा, म्हणजे कार्ड कायम एकूणच दाखवेल. दुसरा मला जास्त पटतो : कार्ड बदलू द्या पण त्याचं टायटल पण त्याच्याबरोबर बदलू द्या. एक मेझर (पॉवर बीआयमधलं हिशोबाचं सूत्र) लिहायचं, ज्यात कॅटेगरीवर फिल्टर लागलंय का ते इज-फिल्टर्ड (ISFILTERED) फंक्शनने बघायचं, लागलं असेल तर निवडलेली नावं कॉनकॅटनेट-एक्स (CONCATENATEX) फंक्शनने जोडून 'विक्री : अमुक, तमुक' असं दाखवायचं, नाहीतर 'एकूण विक्री'. मग टायटलच्या एफएक्स बटणावरून ते मेझर लावून टाकायचं. दहा मिनिटांचं काम आहे पण आकडा कशाचा हे आकड्याच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं.

आणि साहेबांना खरोखर लाइन लपवायचीच असेल तर लेजंडच्या मागे लागू नका. कॅटेगरीचा स्लायसर (पानावरच निवड करायची यादी) द्या, मल्टिसिलेक्ट चालू ठेवा, लेजंडच्या जागी तोच चार्टला लागून ठेवा आणि एडिट इंटरॅक्शन्समधून तो फक्त या चार्टला लागू द्या. एक लक्षात ठेवा, लेजंडमधली नावं एखाद्या कॉलममधून न येता वेगवेगळ्या मेझरची असतील (विक्री, खर्च, नफा अशी) तर त्यावर क्लिक करून बाकीचं पान फिल्टर होणार नाही, कारण फिल्टर लावायला कॉलममधली व्हॅल्यूच नसते. तिथे फील्ड पॅरामीटर वापरा, २०२२ पासून ते मिळतंय आणि त्याच्या स्लायसरवरून मेझर निवडता येतात.

प्रश्न : आमच्या वेब डॅशबोर्डवर लेजंड क्लिक केलं की सिरीज लपते, ते छान चालतं. पण मोठी सिरीज लपवली की सगळा चार्ट उडी मारतो. वाय अ‍ॅक्सिस (उभी आकड्यांची पट्टी) फिक्स करून टाकू का?

लगेच नको. आधी लोक ती सिरीज कशासाठी लपवतायत ते बघा.

मी एका मीटिंगमध्ये हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय. पाच लाइन होत्या, एक नऊशेच्या आसपास आणि बाकी चार चाळीस ते सत्तरच्या मध्ये, त्यामुळे त्या चार तळाशी चिकटून बसलेल्या. कुणीतरी मोठी लाइन लपवली, अ‍ॅक्सिस हजारावरून एकदम ऐंशीवर आला, आणि एका प्रॉडक्टची लाइन कड्यावरून कोसळल्यासारखी दिसायला लागली. खरं तर तो आकडा ६२ वरून ५४ वर आला होता. अर्धा तास त्या 'कोसळण्यावर' चर्चा झाली आणि अ‍ॅक्सिसवरचे आकडे बदललेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही उशिराच आलं. तेव्हापासून मी याबाबतीत फार काटेकोर झालोय.

पण तिथे अ‍ॅक्सिस फिक्स असता तर लपवून काय मिळालं असतं? त्या चार लाइन तळाशीच राहिल्या असत्या. म्हणजे लहान सिरीज बघायला मोठी लपवत असतील तर अ‍ॅक्सिस बदललाच पाहिजे, फक्त तो बदलताना दिसला पाहिजे. थोडं अ‍ॅनिमेशन ठेवा म्हणजे डोळ्याला प्रवास कळतो, आणि चार्टच्या वर साधी ओळ टाका, '५ पैकी ४ सिरीज दिसत आहेत, स्केल बदललंय'. याउलट सगळ्या सिरीज साधारण एकाच मापाच्या असतील आणि लोक फक्त गर्दी कमी करायला लपवत असतील, तर रेंज खुशाल फिक्स करा, तुलना जागेवर राहते.

स्टॅक्ड चार्टमध्ये (एकावर एक थर रचलेला चार्ट) लपवणं उलट कामाचं आहे. त्यात फक्त सगळ्यात खालचा थर शून्यापासून सुरू होतो, वरच्या थरांची तुलना डोळ्याला जमत नाही, खालचे थर लपवले की हवा तो थर खाली येऊन बसतो आणि नीट वाचता येतो. मात्र शंभर टक्क्यांच्या स्टॅकमध्ये (प्रत्येक बार पूर्ण शंभर टक्क्यांचा असतो तो) सांभाळा. हायचार्ट्स या चार्ट लायब्ररीमध्ये लपवलेली सिरीज हिशोबातूनच जाते आणि उरलेल्यांचे टक्के नव्याने निघतात. ५०, ३० आणि २० असे तीन भाग असतील आणि ५० वाला लपवला तर २० वाला एकदम ४० टक्के दिसतो. गणित बरोबर आहे पण प्रश्न बदललाय. अशा चार्टवर मी लपवणं बंदच ठेवतो, फक्त ठळक करू देतो.

बाकी, लपवलेलं नाव लेजंडमधून काढू नका, फिकं करा किंवा चार्ट-जेएस करतं तशी त्यावर रेघ मारा, नाहीतर परत आणणार कुठून? सिरीज दहा-बाराच्या पुढे असतील तर 'सगळ्या' आणि 'उलट' अशी दोन बटणं द्या, ईचार्ट्समध्ये ती तयार मिळतात. आणि रंग प्रत्येक नावाला कायमचे बांधून ठेवा. रंग क्रमाने वाटले जात असतील तर फिल्टरने एक कॅटेगरी गेली की पुढच्या सगळ्यांचे रंग सरकतात, आत्ता निळी होती ती केशरी होते, आणि बघणारा मात्र अजून निळीच शोधत बसतो.

प्रश्न : टॅब्लोमध्ये (हेही डॅशबोर्ड बनवायचं टूल) लेजंडला फिल्टरसारखं वापरता येतं का?

साध्या कलर लेजंडवर क्लिक केलं की ते हायलाइट करतं. लोक करतात ते असं : त्याच डायमेन्शनची (म्हणजे कॅटेगरीसारख्या गटाची) एक छोटी वेगळी शीट बनवायची, रंगीत चौकोन आणि नाव, ती लेजंडच्या जागी ठेवायची आणि तिच्यावर फिल्टर अ‍ॅक्शन किंवा सेट अ‍ॅक्शन लावायची. सेट अ‍ॅक्शन २०१८.३ पासून आहेत. माझं मत विचाराल तर सेट अ‍ॅक्शनच घ्या, कारण तिच्यात काही काढून टाकलं जात नाही, निवडलेलं फक्त वेगळं धरलं जातं, म्हणून न निवडलेल्या सिरीज राखाडी करून मागे ठेवता येतात आणि संदर्भ हातचा जात नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एक सहकारी माउस वापरू शकत नाहीत, फक्त कीबोर्ड. लेजंड त्यांना वापरताच येत नाही.

हा प्रश्न पाठवल्याबद्दल मनापासून आभार, असे प्रश्न फार कमी येतात.

लेजंडचं प्रत्येक नाव हे खरंखुरं बटण असलं पाहिजे, क्लिक लावलेला नुसता मजकूर नाही. टॅबने तिथे पोचता यावं, एंटर किंवा स्पेसने चालू-बंद व्हावं, आणि ते आत्ता दाबलेलं आहे की नाही हे एरिया-प्रेस्ड (aria-pressed) या एचटीएमएलमधल्या खुणेने स्क्रीन रीडरलाही (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कळावं. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांमध्ये कीबोर्डने सगळं चालणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, आणि फक्त रंगावरून अर्थ सांगू नये हीसुद्धा. म्हणून लाइनच्या टोकाला नाव लिहा किंवा लाइनचे प्रकार वेगळे ठेवा, सलग, तुटक, ठिपक्यांची. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिलंय, आणि लेजंडचा तो चिमुकला रंगीत चौकोन बहुतेक वेळा त्याहून लहान असतो, तेव्हा नावासकट पूर्ण पट्टीच दाबता येईल अशी करा.

चार्ट लायब्ररी लेजंड कॅनव्हासवर (म्हणजे एका चित्रासारखं) रंगवत असेल, जसं चार्ट-जेएस करतं, तर हे आतून जमणार नाही. मग तिचं लेजंड बंद करून चार्टच्या खाली साध्या एचटीएमएल बटणांची यादी स्वतः करा आणि प्रत्येक बटणाने ती ती सिरीज दाखवा-लपवा. झाल्यावर त्या सहकाऱ्यांना शेजारी बसून वापरायला सांगा, टॅब दाबताना फोकस कुठे आहे ते त्यांना दिसतंय ना एवढं आधी बघा.