लिटरमागे आठ, शेकडा साडेतीन

प्रश्न : माझी 2021 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. महिन्याला हजारेक किलोमीटर, मायलेज 16. साधं पेट्रोल 104 रुपये, प्रीमियम 112. प्रीमियम टाकलं तर मायलेज वाढून पैसे वसूल होतील का? पेट्रोल फ्युएल क्रेडिट कार्डावर भरतो, पॉइंट्समधून महिन्याला चार लिटर फुकट मिळतं. कार्डावर 80 हजार थकबाकी आहे, पण दरमहा 10 हजार न चुकता भरतो. पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटसाठी 7 टक्क्यांची दीड लाखाची एफडी वेगळी ठेवली आहे.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही होणार. आठ रुपये म्हणजे साडेसात टक्के जादा. ते वसूल व्हायला मायलेज 17.2 वर जावं लागेल. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ताकद सांगत नाही. दाबाखाली ते ठिणगीशिवाय आपोआप पेट घेत नाही ना, एवढंच सांगतो. मॅन्युअलमध्ये 91 ऑक्टेन लिहिलं असेल तर प्रीमियमच्या 95 चा तुमच्या इंजिनाला फारसा उपयोग नाही. शिवाय साध्या नोझलचं ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आता मुळातच 95 च्या मानकाचं असतं. ई20 ने मायलेज पडलंय म्हणून प्रीमियमकडे वळत असाल, तर 95 च्या प्रीमियममध्येही इथेनॉल आहेच. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा, एअर फिल्टर बघा आणि मायलेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा नको.

हा प्रश्न महिन्याला 60 लिटरचा, म्हणजे जेमतेम 500 रुपयांचा. आता न विचारलेल्याकडे येऊ.

कार्डाचं व्याज सहसा महिन्याला साडेतीन टक्के असतं. तुमचा दर बिलावर बघा. 80 हजारांवर 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,300. पेट्रोल साडेसहा हजारांचं. झाले 9,800. उरलेले 200 नव्या पेट्रोलच्या व्याजात जातात, कारण मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पेट्रोल भरल्या दिवसापासून व्याजाचं मीटर चालू. म्हणून थकबाकी जागची हलत नाही. चार लिटर ‘फुकट’ म्हणजे सव्वाचारशे रुपये, त्यासाठी 3,300 मोजताय. कार्ड गळ्यात मारणाऱ्याने हा हिशेब सांगितला नसणारच.

आणि एफडी? वर्षाला साडेदहा हजार देते, तेही करपात्र. कार्ड वर्षाला 40 हजार नेतं.

एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड अर्धा-एक टक्का व्याजाचा. तो हसत भरा. आधी बँकेकडून आजच्या तारखेची पूर्ण फेडीची रक्कम घ्या. बिलावरचीच रक्कम भरलीत तर बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, तेही भरा. बिल शून्य होईपर्यंत पेट्रोल यूपीआयने. थकबाकीचा ईएमआय करून देतो म्हणून फोन येईल, नको म्हणा.

उरलेले 70 हजार अडीअडचणीसाठी ठेवा, गाडीसाठी नाही. सुटलेले 3,300 दरमहा आरडीत टाकलेत तर दोन वर्षांत मोडलेली रक्कम भरून निघेल. नव्या गाडीचं तेव्हा बघू.