वाचक विचारतात : एस्प्रेसोसाठी परवडणारा ग्राइंडर

घरगुती एस्प्रेसो मशीन घेतलेल्या वाचकांची पत्रं वाढली आहेत, आणि बहुतेकांची तक्रार मशीनबद्दल असली तरी दुखणं दळणाचं आहे. म्हणून या वेळचं सदर ग्राइंडरला.

प्रश्न : ‘१५ बार’ लिहिलेलं मशीन वर्षभर वापरतो आहे. कॉफी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळतो. मशीनबरोबरच्या एका बास्केटमधून (दळलेली कॉफी भरायची छिद्रांची वाटी) कॉफी बरी येते, पण दुसरं बास्केट लावलं की १० सेकंदांत पाण्यासारखी धार लागते आणि चव आंबट. ग्राइंडर घ्यावाच लागेल का? — एक वाचक, ठाणे

आधी दोन्ही बास्केटं उजेडाकडे धरून पाहा. ‘बऱ्या’ कॉफीच्या बास्केटला आतून पुष्कळ छिद्रं असतील, पण बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं एकच. ते दुहेरी तळाचं बास्केट. त्यात दाब ते एक छिद्र तयार करतं, कॉफी नाही. म्हणून दळण कसंही असलं तरी वर फेस येतो. दुसरं बास्केट एकेरी तळाचं. त्यात पाण्याला अडवायला दळलेल्या कॉफीशिवाय काहीच नाही, आणि तिथे मिक्सर उघडा पडतो.

ग्राइंडर जात्यासारखा चालतो. जात्यात दोन दगडांच्या फटीतून जाईल एवढं बारीक झाल्यावरच पीठ बाहेर पडतं. मिक्सरमध्ये फटच नाही. पात्याखाली वारंवार आलेल्या बीचा मैदा होतो, कडेला राहिलेल्या बीची कणी. असं मिश्र दळण दाबून बसवलं तरी ते सगळीकडे सारखं बसत नाही. पाणी कमकुवत जागा शोधतं आणि तिथूनच धावतं. त्या वाटेवरची कॉफी जास्त पिळली जाते, बाकीची जवळजवळ कोरडी राहते. आंबट आणि कडू एकाच कपात लागण्याचं कारण हेच. ‘१५ बार’ला भुलू नका, तो पंपाचा कमाल दाब. एस्प्रेसोला लागतो ९ बारच्या आसपास.

तुम्ही मुख्यतः दूध घालून पीत असाल आणि दुहेरी तळाच्या कॉफीवर समाधानी असाल, तर एस्प्रेसोसाठीचा महागडा ग्राइंडर घेऊ नका, पैसे चांगल्या ताज्या बियांवर घाला. खात्री करायची असेल तर रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, १०० ग्रॅम कॉफी एस्प्रेसोसाठी दळून आणा आणि त्याच दिवशी एकेरी तळाच्या बास्केटमध्ये दोन-तीन कप काढून पाहा. फरक आवडला तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : बजेट १५ हजार. घरात दोघं, दिवसाला एकूण चार कप. हाताचा ग्राइंडर घ्यावा की विजेचा? — एक वाचक, नाशिक

या बजेटात हाताचाच. हा काटकसरीचा सल्ला नाही. विजेच्या ग्राइंडरच्या किमतीतला मोठा वाटा मोटर, गिअर आणि सर्किटमध्ये जातो. हाताच्या ग्राइंडरमध्ये तोच पैसा बर्रमध्ये, म्हणजे दळणाऱ्या पोलादी दात्यांमध्ये, आणि दांडा सरळ धरणाऱ्या बेअरिंगमध्ये जातो. दांडा हलला की फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. मग उत्तम बर्रचाही उपयोग नाही.

दुकानदार ‘हा किती बारीक दळतो’ हे सांगेल. तुम्ही मात्र वेगळं विचारा : एका क्लिकला, म्हणजे दळण जुळवायच्या कडीच्या एका खटक्याला, बर्र किती सरकतो? बारीक बहुतेक सगळेच दळतात. एस्प्रेसोत अडतं ते २० सेकंदांत भरणारा कप २७ सेकंदांवर आणताना, आणि त्यासाठी बदल अगदी थोडा करता यावा लागतो. किनग्राइंडर के-६ मध्ये एका क्लिकला बर्र १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो, वन-झेडप्रेसो जे-अल्ट्रामध्ये ८. टाइममोरच्या साध्या सी-२ मध्ये ही उडी ८० मायक्रॉनच्या आसपास आहे. तो फिल्टर, फ्रेंच प्रेस, मोका पॉटसाठी चांगला, पण एस्प्रेसोत एका क्लिकवर धो-धो आणि पुढच्या क्लिकवर थेंबही नाही, असं होतं. त्याच कंपनीने सी-३ ईएसपी काढला तो ही उडी लहान करूनच. मायक्रॉनचा हा आकडा बर्रच्या वर-खाली सरकण्याचा आहे, कॉफीच्या कणाचा नाही. बर्र शंकूच्या आकाराचा असल्यामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते.

दुसरी गोष्ट बर्रचा व्यास. ३८ मिलिमीटरच्या बर्रवर १८ ग्रॅम एस्प्रेसो दळायला दीड-दोन मिनिटं फिरवावं लागतं, ४८ वर पाऊण ते एक मिनिट. तुमचे चार कप म्हणजे १८ ग्रॅमचे चार घाणे, म्हणजे ७२ ग्रॅम. हे गणित रोजचं आहे, म्हणून ४८ च घ्या. दळण बारीक-भरड करायची कडी बाहेरून फिरणारी हवी. सकाळी झोपेत ग्राइंडर उघडून आतला स्क्रू मोजत बसणं चार दिवस जमतं. आमची पसंती के-६ ला. जे-अल्ट्रा त्याहून सुबक आणि अधिक बारकाईने जुळवता येतो, पण महाग, आणि तुमच्या वापराला तो जास्तीचा खर्च आवश्यक नाही.

एक अट मात्र आहे. हलक्या भाजणीच्या बिया दगडासारख्या असतात. त्या एस्प्रेसोइतक्या बारीक दळताना ग्राइंडर छातीशी किंवा मांडीत घट्ट धरावा लागतो. कुणाचं मनगट किंवा खांदा दुखत असेल तर मध्यम किंवा गडद भाजणी घ्या, नाहीतर बजेट वाढवून विजेचा घ्या. बराट्झा एन्कोर ईएसपीमध्ये ४० पायऱ्या आहेत आणि पहिल्या २० एस्प्रेसोसाठी बारीक अंतराच्या. डीएफ-५४ मध्ये ५४ मिलिमीटरचे सपाट बर्र आणि पायऱ्याच नाहीत, कडी हवी तिथे थांबते. इटलीतल्या युरेकाची मिन्योन मालिकाही अशीच बिनपायऱ्यांची, ५० मिलिमीटरपासून पुढच्या सपाट बर्रची. यातलं नवं काही १५ हजारांत बसत नाही. त्या किमतीत विजेवरचं जे मिळतं त्यावर पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात विजेचा बर्र ग्राइंडर घेतला. ३१ सेटिंग्ज, खोक्यावर ‘एस्प्रेसो’ लिहिलेलं. ४ वर कप १६ सेकंदांत येतो, ३ वर मशीन घरघरतं आणि थेंब पडत नाही. दुरुस्त होईल का? — एक वाचक, अमरावती

बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्तीही नाही. ३१ सेटिंग्ज भरड दळणाच्या फ्रेंच प्रेसपासून बारीक दळणाच्या एस्प्रेसोपर्यंत वाटलेल्या आहेत आणि तुमच्या वाट्याला त्यातल्या दोन आल्या. तुम्हाला हवी ती जागा ३ आणि ४ च्या मध्ये आहे.

तिथे वजनाने पोहोचता येतं. ४ वर ठेवून कॉफी अर्धा अर्धा ग्रॅम वाढवा : १८, १८.५, १९. थर जाड झाला की धार मंदावते. बास्केट काठोकाठ भरू नका. कॉफी मशीनच्या जाळीला चिकटली की थर फुटतो. उलट ३ वर ठेवून १७, १६.५ असं उतरूनही बघता येईल. यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. खिशातला छोटा काटा काहीशे रुपयांत मिळतो आणि ग्राइंडर बदलण्याआधी तोच घ्यावा.

काही जण बर्रखाली पातळ वॉशर घालून सगळी पट्टी बारकाईकडे सरकवतात. सर्वांत खालच्या सेटिंगवरही कॉफी भरड येत असेल तर ते उपयोगी पडतं. तुमचा प्रश्न पायऱ्यांमधल्या अंतराचा आहे आणि वॉशरने अंतर बदलत नाही, वॉरंटी मात्र जाते. हा ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी ठेवा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीहून येताना ग्राइंडर आणणार आहे. तिथे स्वस्त पडतो. चालेल ना? — एक वाचक, डोंबिवली

हाताचा असेल तर निर्धास्त आणा. विजेचा असेल तर नको. तिकडचं मॉडेल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलं तर मोटर किंवा सर्किट जळेल. प्लगचा साधा अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण सुरू होताना मोटर लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच जास्त करंट ओढते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर किमान दुप्पट क्षमतेचा हवा. ती जड पेटी ओट्यावर जागा अडवते आणि वाचलेले पैसे खाते. दुबई किंवा सिंगापूरहून कुणी येत असेल तर गोष्ट वेगळी : तिथला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो.

प्रश्न : नवा ग्राइंडर जुळवताना पाव किलो कॉफी वाया गेली. कमी नासाडीत कसं जुळवायचं? — एक वाचक, कोल्हापूर

एका वेळी तीन गोष्टी बदलल्या असणार. वजन बांधून टाका : डबल शॉटच्या मोठ्या बास्केटला १८ ग्रॅम कोरडी कॉफी, कपात ३६ ग्रॅम पेय, बटण दाबल्यापासून २५ ते ३० सेकंद. कपाखाली काटा ठेवा. मापाच्या रेघेवर जाऊ नका, ताज्या कॉफीचा फेस फसवतो.

मग शून्य शोधा. हाताचा ग्राइंडर रिकामा करून, कडी बारीककडे फिरवत, दांडा अडेपर्यंत जा. तिथून मोजायचं. के-६ वर एस्प्रेसो साधारण ३० ते ६० क्लिकच्या मध्ये कुठेतरी सापडतो, त्यामुळे ४५ वर सुरुवात करा. चिमटीत चोळल्यावर दळण पिठीसाखरेपेक्षा किंचित रवाळ आणि बारीक मिठापेक्षा मऊ लागावं.

पहिला कप १५ सेकंदांत आला तर एकेका क्लिकने रांगत जाऊ नका, चार क्लिक बारीक करा. ३० च्या वर गेला की दोन मागे या. अशाने तीन-चार घाण्यांत, म्हणजे ७२ ग्रॅमच्या आत, जागा सापडते. १२ सेकंदांत थेंबही पडला नाही तर बटण बंद करा आणि पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवलेली दांडी, लगेच सोडवू नका. आत दाब अडकलेला असतो, ओली कॉफी तोंडावर उडेल. मिनिटभर थांबा.

वेळ बरोबर असूनही धार एका बाजूने वाकडी पडत असेल किंवा पिचकाऱ्या उडत असतील तर ग्राइंडरला दोष देऊ नका. बास्केटमधले गोळे फोडलेले नाहीत. बुचात तीन-चार बारीक सुया खोचून, त्यांनी कॉफी तळापासून ढवळा, सपाट करा, मगच दाबा. ४५ रुपयांत होणाऱ्या या गोष्टीने ग्राइंडरवरचे पाच हजार वाचलेले असू शकतात. जिभेवर आंबट आणि पातळ लागलं तर बारीक करा, कडू आणि तोंड कोरडं पाडणारं लागलं तर भरड.

विजेच्या ग्राइंडरसाठी दोन गोष्टी वेगळ्या. बारीककडे नेताना मोटर चालू ठेवूनच कडी फिरवा, थांबलेल्या बर्रमध्ये बिया चिणल्या जातात आणि मोटर अडते. सेटिंग बदलल्यावर पहिले दोन-तीन ग्रॅम टाकून द्या, ते आधीच्या सेटिंगचं आत राहिलेलं दळण असतं.

बिया भाजल्यापासून चार दिवसही झाले नसतील तर जुळवायला बसूच नका. त्यातला वायू इतका असतो की आजचं सेटिंग परवा चुकतं. पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा, सात दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंतचा काळ सुखाचा.

प्रश्न : मे महिन्यात जुळवलेलं सेटिंग जुलैत चालेना. दळण ग्राइंडरला चिकटतं. बर्र गेला का? — एक वाचक, रत्नागिरी

दोन महिन्यांत घरगुती वापराने बर्र जात नाही. कोकणातल्या पावसात उघड्या बिया ओल धरतात, दळणाचे गोळे होतात आणि कपाची वेळ बदलते. हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरवरच्या भांड्यात, बिया साठवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यातून प्रत्येक वेळी १८ ग्रॅम मोजून टाका, आणि पावसाळ्यापुरतं सेटिंग वेगळं लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा ग्राइंडर उघडून कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, पोलादी बर्रवर गंज धरतो.

इंटरनेटवर दळण्याआधी बियांवर पाण्याचा थेंब टाकायला सांगतात, ती युक्ती कोरड्या हवेतल्या स्थिर विजेवर आहे. विदर्भातल्या जानेवारीत ती अचूक लागू पडते. बोट ओलं करून बियांत एकदा फिरवलं तरी पुरे. रत्नागिरीच्या जुलैत आणखी पाणी कशाला?

प्रश्न : ग्राइंडर साफ करायला मूठभर तांदूळ फिरवले तर चालतील का? आणि कॉफीबरोबर जायफळ-वेलदोडा दळता येईल? — एक वाचक, सातारा

दोन्हीला नाही. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कितीतरी कठीण. त्याने मोटरवर ताण येतो आणि पिठाचा थर कोपऱ्यांत बसतो. त्याऐवजी जुन्या झालेल्या १० ग्रॅम बिया थोड्या भरड दळून फेकून द्या. जायफळाचं तेल बर्रला आणि प्लास्टिकला धरलं की पुढचे कित्येक दिवस प्रत्येक कपाला पुरणपोळीचा वास येईल. जायफळ किसणीवर किसा, वेलदोडा खलात कुटा, आणि थेट कपात घाला. चिकोरीही ग्राइंडरमध्ये नको. ती हवेतली ओल पटकन ओढून चिकट होते आणि बर्रच्या दातांत लेपासारखी बसते.