आईला तिच्या भाषेत बोलू दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर एक बाळ बेरा टेस्टसाठी, म्हणजे झोपेत ऐकण्याची नस तपासतात त्यासाठी, नुकतं कुठं झोपलं होतं, म्हणून दोन शब्दांत ठेवला. निपाणीला बहिऱ्या मुलांना ऐकणं-बोलणं शिकवायचं काम मिळालं हे ऐकून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "मॅडम, घरात मराठी, दारात कन्नड, शाळेत कदाचित इंग्लिश. ऐकण्यासाठी कानात इम्प्लांट बसवलेल्या पोराला मी शिकवू कुठल्या भाषेत?" या प्रश्नाचं उत्तर मी कित्येक वर्षं चुकीचं देत होते. म्हणून सविस्तर लिहिते.

खानापूर तालुक्यातली एक बाई होती. दुसऱ्याच्या शेतात रताळी काढायला जायची. मुलाला तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट बसलं. गावात जवळची शाळा कन्नड, आणि आमच्या शिकण्यात तेव्हा एक गोष्ट पक्की बसलेली, की अशा मुलाला एकच भाषा द्यावी, नाहीतर गोंधळतं. मी तिला सांगितलं, घरात फक्त कन्नड बोला. तिला कन्नड यायचं ते बाजारापुरतं. तरी बिचारीनं माझा शब्द पाळला. "बा", "ऊटा माडु", "बेडा". आठ महिन्यांनी पाहिलं तर मूल पुढं सरकलेलं नाही, आणि आई मुकी झालेली. त्याच दिवशी बाहेर बाकावर तिला गावातली कुणी बाई भेटली आणि ही मराठीत सुटली. सासूचं दुखणं, पावसानं कुजलेला वेल, हसणं, चिडणं. पोरगं मांडीवर बसून तिच्या तोंडाकडं बघत होतं, खेळणंही विसरून. आठ महिने मी त्या मुलाचा हाच आवाज बंद ठेवला होता. तिची माफी मागितली, पण गेलेले महिने परत देता आले नाहीत.

या यंत्राला इतकं बोलणं का लागतं, ते तू पालकांना समजावशील तेव्हा हाताशी एक शंख ठेव. कॉक्लिया म्हणजे कानातला शंखच, अडीच वेढ्यांचा, वाटाण्याएवढा. ऑस्ट्रेलियातले डॉ. ग्रॅम क्लार्क समुद्रकाठी सुट्टीला गेले असताना शंखात गवताचं पातं सरकवून बघत होते. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचिक असलेलं पातं न अडता आत गेलं, आणि इम्प्लांटची कानात जाणारी तार कशी हवी ते त्यांना उमगलं. त्यांचे वडील स्वतः कानानं अधू होते. १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी आपलं अनेक इलेक्ट्रोडचं, म्हणजे विजेचे ठोके देणाऱ्या अनेक ठिपक्यांचं, इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं. लहान मुलांसाठी अमेरिकेत परवानगी मिळायला १९९० उजाडलं.

बाहेरचा मायक्रोफोन आवाज पकडतो, प्रोसेसर तो उंच-खालच्या पट्ट्यांत वाटतो, चुंबकानं चिकटलेली कॉइल तो कातडीतून आत पाठवते आणि आतली तार थेट नसेला विजेचे हलके ठोके देते. शंखाच्या बुडाशी उंच आवाज, टोकाकडं खालचे. निरोगी कानात हे काम साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी करतात. तारेवर इलेक्ट्रोड असतात कंपनीप्रमाणं १२, १६ किंवा २२. म्हणजे मेंदूला मिळतं ते रेखाचित्र, रंग त्यानं स्वतः भरायचे. तेच शब्द हजार वेळा, हजार प्रसंगांत कानावर पडले तरच ते रंग भरतात. हजार वेळा बोलायला आईला जी भाषा झोपेतही येते, तीच लागते. दोन भाषांमुळं इम्प्लांटवालं मूल मागं पडतं हा समज आता टिकलेला नाही. घरची भाषा घट्ट बसू दे. कन्नड गल्लीतून येईल, मग शाळेतून, आणि तूही त्यासाठी मदत कर. ते त्याला इथं जन्मभर लागणार आहे.

आपल्याकडं तयार मिळणाऱ्या शब्दयाद्या बहुतेक कन्नड किंवा इंग्लिश. त्या तशाच मराठी मुलावर चालवू नकोस. कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो. आपलं "आलास", "जेवलीस", "काय करूलायस?" हे शेवटच्या "स" वर उभं. तो "स" उंच आणि बारीक. ठार बहिऱ्या मुलाला हिअरिंग एडनं तो जवळजवळ पोचतच नाही, इम्प्लांटनं पोचतो. पण पोचलेला "स" मुलानं ओळखायला तो मुद्दाम समोर आणावा लागतो. "आला" आणि "आलास" यांतला फरक ज्या दिवशी मूल धरतं, त्या दिवशी कुणी आपल्याशी बोलतंय की आपल्याबद्दल, हे त्याला कळायला लागतं. तुझी यादी तू स्वतः बनव. झाड-झाडं, पान-पाणी, तिथल्या आयांच्या तोंडचे शब्द. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका असतील. त्यांना "रोज एक तास थेरपी करा" म्हणू नकोस, तो तास त्यांच्याकडं नाही. वळता वळता बोलायला सांग. पान दे, दोरा कुठं गेला, सूप इकडं सरकव, आता किती झाल्या मोज.

स्विच-ऑनच्या दिवसाबद्दल आधीच बोलून ठेव. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र चालू होतं. मोबाईलवर हसणाऱ्या बाळांचे व्हिडिओ पाहून अख्खं घर येतं, आजी पेढे घेऊन येते, आणि मूल भोकाड पसरतं. घाबरतंच ते. त्या दिवशी त्याचं ऐकण्याचं वय शून्य असतं, मग ते चार वर्षांचं का असेना. पुढं मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र त्या मुलाला जुळवून घेण्याच्या फेऱ्या, आणि बोलणं यायला वर्षं.

यंत्राची हेळसांड होते, तशी अति काळजीही होते. एका घरात प्रोसेसर ट्रंकेत होता, पाहुणे आले की काढायचे. महागाची वस्तू, खराब होईल म्हणून! रागावू नकोस. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर, एवढं मात्र दर भेटीला सांग. आणि रोज सकाळी आईनं मुलाच्या मागं उभं राहून सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. काल "स" ला वळलेलं मूल आज वळलं नाही, तर आधी केबल बघायची, मग मायक्रोफोनमधला ओलावा, मग मॅप. मुलाला हट्टी म्हणायचं नाही.

इम्प्लांटच्या आधीचं थोडं. "मामाही उशिराच बोलला होता" या वाक्यानं आपल्या भागात मुलांची दोन-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला इम्प्लांट मिळतं ते पाच वर्षांच्या आतच, म्हणून अंगणवाडीतल्या ताईंशी ओळख वाढव. आईचं माहेर चंदगड, रेशनकार्ड बेळगावचं, अशी घरं येतील. राज्याची योजना कागद कुठल्या राज्याचा ते बघते, केंद्राची योजना राज्यांची सीमा बघत नाही, हे त्यांना नीट सांग. घरात मामाची मुलगी केलेली असेल तर जनुकांचं जरूर समजाव, पण दोघांना समोर बसवून. एकट्या आईला बोलावून सांगितलंस तर दोष तिच्याच पदरात पडतो.

आणि सात-आठ वर्षांचं, कधीच काही न ऐकलेलं मूल आलं तर आईबापाला कर्जात घालून आशा विकू नकोस. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिची वाट दाखवणं हेही आपलंच काम.

पुढच्या महिन्यात पाऊस लागेल. तुझ्या भागातली तीन मुलं आता तुझ्याकडं पाठवते, त्यांना तुझ्या इथली बस सोयीची आहे. पहिल्याच भेटीला त्यांच्या ड्राय बॉक्समधले, म्हणजे यंत्र कोरडं ठेवायच्या डबीतले, ओल शोषणारे दाणे तपास. रंग बदलला असेल तर नवे दे, आणि बॉक्स चुलीवरच्या फळीवर ठेवत नाहीत ना, तेवढं विचार.

तुझी,
मॅडम