पांढरं खेळणं पिवळं पडतं तेव्हा : संग्राहकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या पांढऱ्या रोबोची छाती आणि एक हात पिवळा पडला, पाय मात्र अजून पांढरेशुभ्र. सगळा रोबो एकाच काचेच्या कपाटात होता, मग असं कसं? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : रोबो एक असला तरी त्याचे सगळे भाग एकाच घाण्याचे नसतात. हात एका वेळी ओतला जातो, पाय दुसऱ्या वेळी. कधी प्लॅस्टिकच वेगळं असतं, कधी त्यात मिसळलेल्या स्थिरकांचं (प्लॅस्टिक लवकर खराब होऊ न देणाऱ्या रसायनांचं) आणि टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचं प्रमाण वेगळं.

बहुतेक कडक खेळणी एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात. त्यातलं 'बी' म्हणजे ब्यूटाडाईन, रबरासारखा घटक. खेळणं हातातून पडलं तरी फुटत नाही ते त्याच्यामुळे, आणि पिवळं पडतं तेही मुख्यतः त्याच्यामुळेच. त्याच्या रेणूंच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन हल्ला करतात. त्यातून तयार होणारे रासायनिक गट निळा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे डोळ्यांना पिवळट छटा दिसते. करड्या आणि निळ्या भागांतही हेच चालू असतं. निळा हिरवट दिसायला लागतो, इतकंच.

कपाटाच्या काचेवर भिस्त ठेवू नका. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे प्रकार असतात. साधी काच त्यातला यूव्हीबी बराचसा अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते.

प्रश्न : खोक्यातून कधी बाहेरच न काढलेलं खेळणं पिवळं कसं पडलं? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : खोकं कुठे होतं? पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात असेल, तर उत्तर तिथेच आहे. ऑक्सिडेशनला, म्हणजे ऑक्सिजनच्या त्या हल्ल्याला, उजेड लागतोच असं नाही, ऊब आणि हवा पुरते. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच ४० च्या वर पारा असतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. खोकं खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, तळच्या कप्प्यात हलवा.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा जातो म्हणतात. घरी कसं करायचं? (वाचक, नवी पेठ)

उत्तर : जातो, पण आधी तो खरंच प्लॅस्टिकचा आहे का ते पाहा. भांडी घासायच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने भाग धुवा. स्वयंपाकघराजवळच्या खेळण्यांवर फोडणीच्या धुराचा थर असतो, तो एवढ्यानेच निघतो. मग बॅटरीच्या झाकणाची आतली बाजू बघा. ती पांढरी आणि बाहेरची पिवळी असेल, तर पुढचं वाचा.

स्क्रू, स्प्रिंग, स्टिकर, रंगवलेले आणि चमकदार मुलामा दिलेले भाग वेगळे काढा. स्प्रिंग गंजते, स्टिकरचा रंग उडतो, मुलामा सुटतो. मेडिकलमधून ६ टक्क्यांचं द्रावण आणा. बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. पार्लरच्या सामानात १२ टक्क्यांची क्रीमही मिळते, पण ती आम्ही सुचवत नाही. उन्हात ती कुठे वाळते, कुठे ओली राहते आणि भागावर कायमचे ढगाळ पट्टे उमटतात. द्रावणात भाग पूर्ण बुडवणंच चांगलं.

काचेची बरणी घ्या, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. भाग आत सोडा. तरंगला तर पोकळीत हवा अडकली आहे. तिरका करून बुडबुडे काढा. झाकण नुसतं वर ठेवा, फिरवून घट्ट लावू नका, कारण सुटणाऱ्या ऑक्सिजनने बरणी फुटू शकते. गच्चीवर सकाळी ९ ला ठेवा, दर अर्ध्या तासाने भाग उलटा. द्रावण ५० अंशांवर गेलं तर सावलीत आणा. त्यापुढे पातळ भाग वाकण्याची भीती असते आणि पेरॉक्साइडही लवकर संपतं. मे महिन्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीचं ऊन हाताळायला सोपं. वेळ लागेल, पण भाग हाताबाहेर जाणार नाही.

हलका पिवळेपणा एका दिवसात उतरू शकतो, गडद असेल तर दोन-तीन दिवस, रोज ताजं द्रावण घेऊन. रंग आतल्या बाजूशी जुळला की थांबा. 'आणखी थोडं' या मोहात पृष्ठभाग खडूसारखा होतो. लाल-निळे भाग तर फिकटच पडतात, ते यात घालूच नका. शेवटी साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. उरलेलं द्रावण भरपूर पाणी ओतून मोरीत सोडा. त्यात व्हिनेगर किंवा ब्लीच कधीही मिसळू नका.

याने बदललेलं प्लॅस्टिक मूळपदावर येत नाही, फक्त रंग देणारे गट मोडतात. भाग पुन्हा उन्हात किंवा उकाड्यात राहिला की पुन्हा पिवळा होणारच. ठिसूळ झालेले सांधे तर तसेच राहतात. जोडताना स्क्रू हलक्या हाताने फिरवा.

प्रश्न : मऊ पुतळी पिवळी आणि चिकट झाली आहे. तिलाही पेरॉक्साइड चालेल? (वाचक, होटगी रोड)

उत्तर : नको. ती पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकची असणार. तिथे हायड्रोजन क्लोराइड सुटून पिवळेपणा येतो, आणि मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर येऊन चिकट थर बसतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, हवा खेळेल अशा जागी ठेवा. घट्ट बंद पिशवीत चिकटपणा आणखी साचतो. नेलपॉलिश रिमूव्हर लावाल तर रंगासकट चेहरा पुसला जाईल.

प्रश्न : जुनं खेळणं विकत घेताना पिवळेपणा फोटोत कसा ओळखायचा? (वाचक, अशोक चौक)

उत्तर : खेळण्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून, दिवसाच्या सावलीत काढलेला फोटो मागा. बल्बच्या उजेडातल्या फोटोवर किंमत ठरवू नका. आणि पेरॉक्साइड केलंय का, हे सरळ विचारा.